एकात्मीकरण, जोडणी की सांगड?

चाकणच्या एका कारखान्यातून प्रश्न आला आहे. तिथे वाहनांचे सुटे भाग बनतात. मशीनवर सेन्सर बसवायचं काम चालू आहे आणि कामगारांसाठी मराठीत एक पुस्तिका काढायची आहे. भाषांतरकाराने शीर्षक दिलं आहे : ‘व्यवसाय प्रणालींमध्ये जोडलेल्या स्मार्ट उपकरणांचे एकात्मीकरण’. विचारणा अशी की ‘इंटिग्रेशन’साठी ‘एकात्मीकरण’ हा शब्द बरोबर आहे का, आणि त्याऐवजी सरळ ‘जोडणी’ म्हटलं तर काय बिघडेल?

शब्द बरोबर आहे, शीर्षक चुकलं आहे. मराठीत ‘प्रणालींमध्ये’ असं म्हटलं की पुढे येईल त्या पहिल्या क्रियेला ते जाऊन चिकटतं. म्हणून वाचणारा ‘प्रणालींमध्ये जोडलेल्या’ हे एका दमात वाचतो. म्हणजे उपकरणं आत जोडून झालीसुद्धा! मग एकात्मीकरण उरलं कशाचं? आणि ‘व्यवसाय’ म्हटलं की आपल्याला वकिली आठवते, नाहीतर कुक्कुटपालन. शॉपफ्लोअरवर, म्हणजे मशीन चालतात तिथे, ‘व्यवसाय प्रणाली’ असं कुणी म्हणत नाही. तिथला शब्द आहे ‘सिस्टीम’, म्हणजे मालाचा हिशोब ठेवणारं कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर. ‘माल रॅकवर आहे, पण सिस्टीमला दिसत नाही’ किंवा ‘एंट्री मारली का?’ ही तिथली रोजची वाक्यं.

आता ‘एकात्मीकरण’. संस्कृतात जे मुळात तसं नाही त्याला तसं करणं दाखवायला ‘च्वि’ नावाचा प्रत्यय आहे. तो स्वतः गायब होतो आणि मागे फक्त ‘ई’ ठेवून जातो. शुद्धीकरण, सुलभीकरण, एकात्मीकरण हे सगळे त्याच घराण्यातले. म्हणून ‘त्मी’ दीर्घ. ‘एकात्मिक’मधला ‘त्मि’ मात्र ऱ्हस्व, कारण तिथे ‘इक’ प्रत्यय आहे. या दोघांची गल्लत होऊन ‘एकात्मिकरण’ असं सर्रास छापलं जातं. पुस्तिकेत तेवढं सांभाळा.

‘एकात्मिक’ हा शब्द बोजड वाटतो, पण परका नाही. अंगणवाड्या आल्या त्या १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेखाली. कापूस लावणाऱ्या शेतकऱ्याला ‘एकात्मिक कीड व्यवस्थापन’ पाठ असतं : किडींना वासाने ओढणारे कामगंध सापळे, निंबोळी अर्क, मित्रकीटक आणि अगदीच गरज पडली तर फवारा. यात सापळा सापळाच राहतो आणि अर्क अर्कच, पण सगळे एका बेताने चालतात. तुमच्या सेन्सरचंही तेच व्हायला हवं आहे.

शेजारचे शब्द मात्र उपयोगाचे नाहीत. ‘विलीनीकरण’ नको, कारण त्यात एक जण संपतो. संस्थानं विलीन झाली ती नकाशावरून गेलीच. १९६७ च्या जनमत कौलात गोवेकरांनी महाराष्ट्रात विलीन व्हायला नकार दिला तोही याच कारणाने. ‘एकत्रीकरण’ म्हणजे एका जागी गोळा करणं. विजेचे दहा मीटर एका खोलीत आणून ठेवले तरी ते होतं. ‘समाकलन’ गणितवाल्यांनी घेतलेला आहे, त्यांच्याकडेच राहू द्या.

राहिली ‘जोडणी’. इथे माझा आक्षेप आहे, आणि तो आमच्या गावच्या डेअरीवरून सुचला. तिथे इलेक्ट्रॉनिक काटा आला, मागोमाग फॅट मशीन आलं. दोन्हींवर आकडे लखलखायचे. दोन्ही ‘स्मार्ट’च म्हणा. पण आकडे बघून वहीत उतरवायचा तो सेक्रेटरी, पहाटे, थंडीत, समोर किटल्यांची रांग. ३.८ चा ३.३ व्हायला कितीसा वेळ लागतो? गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) धरून ठरायचा आणि त्याखाली गेलं की कापला जायचा, त्यामुळे एका टिंबापुढच्या आकड्यावरून भांडणं व्हायची. पुढे काटा, फॅट मशीन आणि कॉम्प्युटर वायरीने जोडले. तरी भांडणं थांबली नाहीत! वजन आपोआप यायचं, फॅट आपोआप यायची, पण दर कॉम्प्युटरमध्ये जुनाच होता आणि बिल वहीवरूनच निघत होतं. जोडणी झाली होती, मेळ बसला नव्हता. सभासदाचा नंबर टाकला की वजन, फॅट, चालू दर आणि त्याचं खातं यांचा मेळ बसून पावती बाहेर येऊ लागली, तेव्हा कुठे वही मिटली.

वायर घालणं ते दर-खात्याचा मेळ बसवणं, हे जे मधलं काम आहे त्याला मराठीत फार जुना शब्द आहे : सांगड. पोहायला शिकताना पोराच्या अंगाला सुके भोपळे बांधायचे, ती सांगड. दोन होड्या शेजारी-शेजारी बांधून त्यावरून ओझं पलीकडे न्यायचं, तीही सांगड. शब्द संस्कृत ‘संघाट’वरून आला. तोच मल्याळममध्ये ‘चङ्ङाडम’ झाला, पोर्तुगीजांनी तो उचलला, आणि आज ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्यावरचे कोळी आपल्या शिडाच्या तराफ्याला ‘जांगादा’ म्हणतात. (शब्दांना व्हिसा लागत नाही हे बरं.) दोन होड्यांची सांगड घातली म्हणून त्यांची एक होडी होत नाही. पण दोघींपैकी एकीला पेलणार नाही ते ओझं मिळून पेलतं. ‘एकात्मीकरण’पेक्षा हे चित्र मला जास्त नेमकं वाटतं, आणि व्याकरणही सोयीचं : याची त्याच्याशी सांगड. ‘मध्ये’चा घोळच संपतो.

प्रश्नात नाही, पण पुस्तिकेत येईलच म्हणून : ‘इंटरनेट ऑफ थिंग्ज’, म्हणजे वस्तूंनी आपली माहिती आपणच नेटवरून कॉम्प्युटरला कळवणं, हा शब्दप्रयोग ब्रिटिश तंत्रज्ञ केविन अॅश्टन यांनी १९९९ साली प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीतल्या सादरीकरणासाठी केला. विषय होता रेडिओ लहरींनी मालाची ओळख पटवणाऱ्या चकत्या आणि पुरवठा साखळी, म्हणजे तुमचंच दुखणं : दुकानाच्या फळीवर माल आहे की नाही हे कॉम्प्युटरला माणसाने सांगितल्याशिवाय कळत नव्हतं. ‘इंटरनेट ऑफ थिंग्ज’ला मराठीत काही जण ‘वस्तुजाल’ म्हणतात. शब्द आटोपशीर आहे, एखाद्या प्रकरणाच्या शीर्षकात शोभेल. आत मात्र ‘सेन्सर’, ‘मशीन’, ‘सिस्टीम’च ठेवा. ‘संवेदक’ लिहिलंत तर लोक तुम्हालाच अर्थ विचारायला येतील.

माझी सूचना : शीर्षक ‘मशीनवरच्या सेन्सरची सिस्टीमशी सांगड’. टेंडर आणि करारात ‘एकात्मीकरण’ राहू द्या, तिथे ते खपतं. आणि आतल्या मजकुरात शक्यतो दोन्ही नामं टाळून क्रियापद वापरा. उदाहरणार्थ : ‘मशीनने किती पार्ट काढले तो काउंट आपोआप सिस्टीमला जाईल, तेवढाच कच्चा माल स्टॉकमधून वजा होईल. शिफ्ट संपताना एंट्री मारायची गरज नाही. रिजेक्ट झालेले पार्ट मात्र तुम्हालाच नोंदवावे लागतील.’