नळाला मोटर लावावी का?

प्रश्न : आमच्या गल्लीत चौदा घरं. दिवसाआड पाऊण तास पाणी येतं. सुरुवातीच्या सहा घरांनी नळालाच मोटर लावली आहे. आम्ही शेवटच्या टोकाला, हंडाही धड भरत नाही. आता आम्हीही मोटर घ्यावी का? – एक वाचक, मराठवाडा

उत्तर : घेऊ नका. पथक आलं तर मोटर जप्त होते आणि नळही तोडला जाऊ शकतो. पण खरी भानगड जमिनीखाली आहे.

गल्लीतल्या पाइपात मुळात दाब जेमतेम. पहिली मोटर सुरू झाली की तो उतरतो आणि पुढच्या घरचा नळ नुसती हवा सोडतो. म्हणून तिथेही मोटर येते. सहा-सहा मोटरी एकदम ओढायला लागल्या की पाइपात पोकळी होते. मग ज्या कुजलेल्या जोडातून एरवी पाणी बाहेर झिरपायचं, त्याच जोडातून बाहेरचं आत येतं. आपल्याकडे घरोघरच्या नळजोडण्या गटाराला खेटून, कुठे कुठे तर गटारातूनच गेलेल्या असतात. तेव्हा मोटर काय ओढते ते सांगायला नको. ही घाण ओढणाऱ्याच्याच घरी जाते असंही नाही. ती पाइपात राहते, आणि कावीळ, गॅस्ट्रो मोटर नसलेल्या घरीही पोचतात.

उपाय हौदाचा. माणशी रोजचे 135 लिटर धरले तर चौघांना 540. दिवसाआड पाण्यासाठी 1,100 लिटरचा हौद पुरेल. तो जमिनीत घ्या. तोटी अडीच-तीन फुटांवर असते. तेवढी चढण वाचली की कमी दाबालाही पाणी पडतं. आत येणाऱ्या पाइपाचं तोंड भरलेल्या पाण्याच्या चार बोटं वर ठेवा, त्याला बॉलकॉक बसवा. हौदाचा काठ जमिनीपेक्षा वीतभर उंच हवा, नाहीतर पहिल्याच पावसात अंगणातलं पाणी आत उतरेल. आता मोटर खुशाल लावा, पण हौदातून वरच्या टाकीत चढवायला.

एकट्याने मोटर काढली तर तोच कोरडा राहील, हे खरं आहे. म्हणून आधी दोन पाळ्यांची चाचणी ठरवा: एक मोटरींसह, एक सगळ्यांच्या मोटरी बंद ठेवून. चौदाही घरांनी 15 लिटरची बादली भरायला किती मिनिटं लागली ते लिहायचं. भांडणापेक्षा हा कागद जास्त कामाचा. मोटरी बंद असूनही शेवटच्या चार घरांना पाणी पोचलं नाही, तर दोष शेजाऱ्यांचा नाही; हाच कागद घेऊन व्हॉल्व्हमनला गाठा. आणि पुढच्या घरांनी हौद भरताच नळ बंद करायचा. तोटी नसलेल्या नळाखाली ती बादली दीड मिनिटात भरत असेल, तर तासाला 600 लिटर गटारात जातात.

प्रश्न : नळाला रबरी नळी लावून ती पिंपात सोडून ठेवतो. यात काही चूक आहे का?

उत्तर : नळी पाण्यात बुडालेली असेल तर आहे. पाणी गेल्यावर पाइप रिकामा होऊ लागतो आणि पिंपातलं पाणी उलटं ओढून घेतो. पिंपात कपडे भिजत असतील तर तो साबणही पुढच्या पाळीला कुणाच्या तरी हंड्यात उतरेल. नळीचं टोक काठाच्या वर बांधा आणि पाणी जायच्या आधी तोटी फिरवा.

प्रश्न : नवं पाणी आलं की सासूबाई कालचं ‘शिळं’ म्हणून ओतून देतात. त्यांना कसं समजवावं?

उत्तर : झाकलेलं पाणी एका दिवसात शिळं होत नाही. शंकाच असेल तर 200 लिटरच्या पिंपाला 1 ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर पुरते. ती बादलीभर पाण्यात कालवा, चुना खाली बसू द्या, वरची निवळी पिंपात ओता आणि अर्धा तास थांबा. उघड्या पुडीतली पावडर मात्र निकामी होते, आणि लोक नेमकी तीच वापरतात.

तरी सासूबाईंचं अगदीच चूक नाही. आठवड्यातून एकदा पिंप रिकामं करून आतून घासायलाच हवं, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी काठाला चिकटलेली असतात. नुसतं पाणी ओतून ती जात नाहीत. त्या दिवशी निघालेलं पाणी फरशीला, झाडांना वापरा.