जुन्या वृक्षांची आद्य छायाचित्रे अभ्यासताना

बडोद्यात राहून वृक्षांच्या आद्य छायाचित्रणाचा अभ्यास आपण सुरू करत आहात, याचा मला मनापासून आनंद आहे. सुरुवात छायाचित्रणाचे इंग्लिश प्रवर्तक विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट यांनी १८४० च्या दशकात कागदी निगेटिव्हवरून साकारलेल्या निष्पर्ण ओक वृक्षापासून करावी. दीर्घ एक्स्पोजरमध्ये पाने वाऱ्याने हलून पुसट होत, उघड्या फांद्या मात्र स्पष्ट उमटत, हे त्यात नीट दिसते. १८५१ नंतर रूढ झालेले ओले कोलोडियन (काचेवरचा, ओला असतानाच वापरायचा प्रकाशसंवेदी थर) मुख्यतः निळ्या प्रकाशालाच प्रतिसाद देत असल्याने हिरवी पाने काळपट आणि आकाश कोरे पांढरे येई. हे ध्यानात ठेवल्याशिवाय त्या काळच्या छायाचित्रकाराच्या दृष्टीविषयी निष्कर्ष काढू नयेत. अमेरिकन छायाचित्रकार कार्ल्टन वॉटकिन्सने १८६१ मध्ये कॅलिफोर्नियातील महाकाय सेक्वोया वृक्ष सुमारे १८ बाय २२ इंचांच्या काचांवर टिपले. अशा चित्रांत बुंध्याशी माणूस असल्यास त्याच्यावरून वृक्षाचा आकार ताडावा.

मग कमाटीबागेतल्या एखाद्या जुन्या झाडाचे, वारा पडलेला असताना सकाळी, रंगीत छायाचित्र घ्यावे आणि संगणकावर त्याचा केवळ निळा चॅनल (चित्रातील निळ्या प्रकाशाची नोंद) कृष्णधवल करून पाहावा. कोलोडियनचा परिणाम समजण्यास हा सराव पुस्तकी वर्णनापेक्षा अधिक उपयोगी आहे, असे माझे ठाम मत आहे. वडाची सावली दाट असते, म्हणून प्रकाश तिरपा असतानाच पारंब्या टिपाव्यात.