आप्रवासी घाटावर जाण्याआधी

विटा, जि. सांगली

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

मॉरिशसला कामासाठी निघालीस आणि तिथे तुला एक दुपार मोकळी मिळणार आहे, असं तुझ्या आईकडून कळलं. ती दुपार पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटासाठी ठेव. भारतातून करारावर नेलेल्या मजुरांना बोटीतून उतरवून आधी ठेवायचे, तो हा डेपो.

समुद्राकडून वर येणाऱ्या 16 पायऱ्यांवर लोक फोटो काढतात आणि निघतात. तू पुढे जा. 1849 साली उभारायला घेतलेल्या त्या डेपोतलं आता थोडंच उरलंय, बरंचसं रस्त्याखाली गेलं. पण द्वारपालाची खोली, दवाखाना, संडास अजून आहेत. बोटीतून उतरलेल्या माणसाला आधी कुठे उभं केलं, मग कुठे नेलं, ते पायांनी चालून बघ.

गुलामगिरी कायद्यानं संपत आली तशी उसाच्या मळेवाल्यांना माणसं कमी पडू लागली. 2 नोव्हेंबर 1834 ला ‘ॲटलास’ जहाजातून भारतातले 36 मजूर आले. पुढच्या पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास. त्यात मुंबई बंदरातून गेलेले आपले मराठीही होते, रत्नागिरीकडचे बरेच. सुरुवातीचा करार पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये, आणि एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांची मजुरी कापायची. या ‘डबल कट’पाशी थांब. मुकादम, उचल, खाडा हे सगळं तू इथल्या ऊसतोडीच्या फडात ऐकलेलं आहेस. त्या दुहेरी कापणीचा अर्थ तुला कुणी समजावून द्यायला नको.

तिथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते, हे ऐकून आपल्याकडच्या माणसाचा ऊर भरून येतो. येऊ दे. पण ‘आपल्या लोकांनी तिकडे नाव काढलं’ एवढंच घेऊन परत येणं मला पटत नाही. नातवंडांच्या यशाचं कौतुक करताना आजोबांचा कापलेला पगार विसरला जातो.

वेळ उरला तर मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेची चौकशी कर. मजुरांच्या नोंदवह्या तिथे सांभाळल्या आहेत: नंबर, बापाचं नाव, गाव, जात, उंची, अंगावरची खूण. पुढे पुढे मजुरांचे फोटोही काढू लागले. ते हौसेचे नाहीत; मळा सोडून गेलेला माणूस ओळखता यावा म्हणून काढलेले. चेहरे बघताना हे ध्यानात असू दे. गावांची नावं साहेबाच्या कारकुनानं कानाला आली तशी लिहिलीत, म्हणून मोठ्यानं वाच, म्हणजे ओळखू येतील.

आणि एक काम निघण्याआधीचं. आपल्या खानापूर तालुक्यातून गलाईसाठी, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी, माणसं देशभर पांगली, पण त्यांची अशी वही कुणी ठेवली नाही. आजीला विचार: आजोबा पहिल्यांदा कुणाच्या ओळखीनं गेले, गाडीभाडं कुणी दिलं, पहिला पगार हातात किती आला, घरी पत्र किती दिवसांनी आलं. ती सांगेल ते तारखेसकट लिहून काढ. मग हेच प्रश्न घेऊन घाटावर जा.

तुझे,
सर