'वर्कहाऊस' म्हणजे अनाथाश्रम नव्हे

प्रश्न : वेल्समधल्या लानव्हल्लिन गावच्या जुन्या वर्कहाऊसवर लेख लिहीत आहे. मराठीत 'अनाथाश्रम' लिहावे की 'कामगारगृह'?

दोन्ही नको. 'कामगारगृह' वाचून गिरणीची चाळ डोळ्यांपुढे येते. आणि 'अनाथाश्रमा'चा तर आता वीट आलाय. लिव्हिंगस्टनला शोधायला आफ्रिकेत गेलेला स्टॅन्ले 'अनाथाश्रमात वाढला' हे वाक्य मराठीत जो तो उतरवतो. सहा वर्षांच्या या पोराला १८४७ मध्ये सेंट असाफच्या वर्कहाऊसमध्ये सोडलं, तेव्हा त्याची आई चांगली जिवंत होती. तिथे फक्त पोरके नव्हे, कंगाल लोक ठेवत. म्हातारे, आजारी, काम सुटलेले मजूर, लेकुरवाळ्या बाया, सगळेच.

इंग्लंड-वेल्समधल्या गरिबांसाठीच्या १८३४ च्या कायद्यामागचं तत्त्वच असं की आतलं जिणं बाहेरच्या गरिबातल्या गरीब मजुराच्या जिण्याहून वाईटच असलं पाहिजे, म्हणजे कोणी सुखासुखी दार ठोठावणार नाही. लानव्हल्लिनची इमारत वास्तुविशारद थॉमस पेन्सनने त्याच हिशेबाने आखली. नकाशा क्रुसासारखा, मधोमध मास्तरचं, म्हणजे वर्कहाऊसच्या व्यवस्थापकाचं, निवासस्थान, तिथून चार दिशांना चार पाखे, आणि पाख्यांमधल्या चार कोनांत चार आवारं. पुरुष, बायका, मुलगे, मुली वेगवेगळे. आत आलेलं कुटुंब उंबऱ्यावरच फुटायचं आणि मास्तरला मधून चारही आवारं दिसायची. १८४३ मध्ये वेल्समधल्याच कारमार्दनचं वर्कहाऊस जमावाने फोडलं, त्यावरून लोकांचा राग कळावा.

पण खरी गंमत वेल्श शब्दात आहे. बोलताना वेल्श लोक सरळ 'वर्कुस' म्हणत, इंग्रजी शब्द जिभेवर घोळवून घेतलेला. त्यांचा स्वतःचा शब्द 'ट्लोटी'. 'ट्लाउड' म्हणजे गरीब आणि 'टी' म्हणजे घर. या 'ट्लाउड'चं मूळ 'वाहणे, पेलणे, सोसणे' या अर्थाच्या धातूत सापडतं. आपली 'तुला' आणि 'तोलणे' त्याच कुळातले! तेव्हा गरीब म्हणजे 'नसलेला' नव्हे, तर 'सोसणारा', ज्याच्यावर भार आहे तो. मला तर हा अर्थ कोणत्याही कोशातल्या 'निर्धन'पेक्षा खोल वाटतो. त्यात वर्कहाऊसच्या नियमांत एक कलम असं की, वाढलेलं अन्न कमी वाटलं तर गरिबाने मागणी करावी आणि मास्तरने ते त्याच्यासमोर, आणखी दोघांच्या साक्षीने, तागडीत घालून दाखवावं. शब्दाच्या पोटातला तराजू असा जेवणाच्या टेबलावर येतो.

'टी' हा तर भारत-युरोपीय 'झाकणे' या धातूतून आला, यात कुणाचं दुमत नाही. लॅटिनमधला 'छप्पर' या अर्थाचा 'टेक्टुम' आणि इंग्रजी 'थॅच' त्याचेच भाऊबंद. संस्कृत 'स्थगति', म्हणजे झाकतो, हाही पुष्कळदा त्यांच्यातच धरतात, आणि त्याच्याजवळच्या 'स्थग'पासून आपला 'ठग', झाकपाक करणारा. पण 'स्थगति'च्या या नात्याबद्दल काही पंडित शंका घेतात. म्हणतात, 'थ' महाप्राण कसा, आणि धातू संस्कृतात एवढ्या उशिरा कसा दिसतो? उशिरा लिहिला गेला म्हणून उशिरा जन्मला, हा कुठला न्याय? पण महाप्राणाची अडचण खरी आहे: 'स्था'मधल्या 'थ'चं कारण त्याच्या मूळ धातूतल्या एका लुप्त घशातल्या ध्वनीत सापडतं, 'झाकणे'च्या धातूत तसा ध्वनी मानत नाहीत. अर्थ जुळतो, पण व्यंजनांचा सांगाडा पूर्ण जुळत नाही. म्हणून 'स्थगति'चं हे नातं शक्य, पण अनिश्चित, असंच म्हणावं. 

तुमच्या लेखात 'वर्कहाऊस' हाच शब्द ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे 'कंगालांना कामाच्या बदल्यात अन्न-निवारा देणारं सरकारी घर' असा खुलासा करा. आणि त्या इमारतीचं आजचं नाव 'डोलिध' आहे, त्याचा सरकारी मदतीच्या इंग्रजी 'डोल'शी संबंध जोडू नका. वेल्शमध्ये 'डोल' म्हणजे नदीकाठचं कुरण, 'डोलिध' हे त्याचं अनेकवचन.