नॉन-बायनरी व्यक्तीबद्दल मराठीत बोलताना ‘तो’ की ‘ती’?

नॉन-बायनरी म्हणजे स्वतःला फक्त स्त्री किंवा फक्त पुरुष न मानणारी व्यक्ती. आधी त्या व्यक्तीलाच विचारा. काहींना ‘तो’ किंवा ‘ती’ चालतं, आणि मग तेच वापरायचं. दोन्ही नको असतील तर ‘त्यांनी, त्यांना, त्यांचं’ ही आदरार्थी रूपं सगळ्यांत सोयीची, कारण त्यांत लिंग दिसत नाही.

अडतं ते क्रियापदाशी. ‘त्यांनी पत्र लिहिलं’ मध्ये क्रियापद पत्राप्रमाणे चालतं, म्हणून अडचण नाही. पण येणे, बोलणे, विसरणे यांच्या कर्त्याला ‘ने/नी’ लागत नाही. तिथे ‘आले’ की ‘आल्या’ ठरवावंच लागतं. अशा वेळी वाक्य फिरवा: ‘बोलले’ऐवजी ‘त्यांनी सांगितलं’, ‘विसरले’ऐवजी ‘त्यांच्या लक्षात राहिलं नाही’. ‘येतो/येते’ टाळायला ‘येत आहेत’ पुरतं. भविष्यकाळात ‘येतील’ सर्वांना सारखंच. विशेषणं हुशार, प्रेमळ अशी न बदलणारी निवडा.

एकवचनी नपुंसकलिंगी ‘ते आलं’ मात्र न विचारता कधीच वापरू नका. मोठ्या माणसाला ते वस्तूसारखं लागतं आणि फार दुखावतं. ‘ती व्यक्ती आली’ व्याकरणात बरोबर आहे, पण सारखं म्हटलं की परकं वाटतं. नाव घेणं केव्हाही बरं.

आणि ‘तृतीयपंथी’ हा शब्द सरसकट लावू नका. अनेक पारलिंगी (जन्मावेळी नोंदलेल्या लिंगापेक्षा वेगळी ओळख असलेले) स्त्रीपुरुष स्वतःला फक्त स्त्री किंवा पुरुष म्हणवतात.