वाचकांचे प्रश्न : त्वचेखालची चिप

प्रश्न : माझा भाचा स्टॉकहोममध्ये नोकरी करतो. तिकडे काही जणांनी अंगठा आणि तर्जनी यांच्या मधल्या त्वचेखाली आरएफआयडी (रेडिओ लहरींनी ओळख पटवणारी) चिप बसवून घेतली आहे आणि रीडरजवळ, म्हणजे चिप वाचणाऱ्या यंत्राजवळ, हात नेला की कार्यालयाचे दार उघडते, असे तो सांगतो. तोही चिप बसवून घेण्याच्या विचारात आहे. यामुळे त्याचा ठावठिकाणा सतत कोणाला कळत राहील का? चिपमधील माहिती चोरीला जाऊ शकते का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : ठावठिकाण्याची भीती, निदान ज्या स्वरूपात ती बोलली जाते त्या स्वरूपात, अनाठायी आहे. तांदळाच्या दाण्याएवढ्या या चिपमध्ये बॅटरी नसते. रीडरच्या चुंबकीय क्षेत्रातून मिळणाऱ्या ऊर्जेवर ती क्षणभर जागी होते आणि आपला क्रमांक सांगते. त्यासाठी रीडर साधारणतः काही सेंटिमीटरांवरच असावा लागतो. उपग्रहाच्या साहाय्याने माग काढण्याइतकी शक्ती तिच्यात नाही. 2016 मध्ये दोन हजारांच्या नोटेतील चिपविषयी आपल्याकडे पसरलेली अफवाही याच गैरसमजावर पोसली गेली होती.

चोरीचा प्रश्न मात्र खरा आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑक्टोबर 2004 मध्ये ‘व्हेरिचिप’ ही रुग्णाची ओळख पटवणारी चिप माणसाच्या शरीरात बसवण्यास मान्यता दिली. तिच्यात केवळ सोळा अंकी क्रमांक होता आणि रुग्णाची माहिती वेगळ्या संगणकीय साठ्यात ठेवली जात असे. हा क्रमांक कोणत्याही सांकेतिक संरक्षणाविना बाहेर पडत असल्यामुळे, 2006 मध्ये सुरक्षा-संशोधक जोनाथन वेस्टह्यूज यांनी पत्रकार अ‍ॅनाली न्यूइट्झ यांच्या दंडातील चिप वाचून तिची नक्कल न्यूयॉर्कमधील एका परिषदेत करून दाखवली. त्याच वर्षी सिनसिनाटी येथील एका कंपनीने संरक्षित खोलीत प्रवेश देण्यासाठी हीच चिप वापरल्याचे उघड झाले होते, हा योगायोग बोलका आहे.

त्यानंतर वेस्टह्यूज यांनी जॉन हलाम्का, अ‍ॅरी ज्युएल्स आणि अ‍ॅडम स्टबलफील्ड यांच्यासह लिहिलेल्या शोधनिबंधातील युक्तिवाद प्रथमदर्शनी उलटा वाटतो. हलाम्का यांच्या स्वतःच्याच दंडात ही चिप होती, हे विशेष. चिपने फक्त ओळख सांगावी, कुलूप उघडण्याचा अधिकार तिला देऊ नये आणि तिची नक्कल करता येणेच धारकाच्या हिताचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. कारण नक्कल होऊ न शकणारी किल्ली शरीरात असेल, तर चोर तिच्यासाठी शरीरावरच हल्ला करील. मला हा मुद्दा निर्णायक वाटतो. आपल्या भाच्याने म्हणूनच एवढे विचारून घ्यावे, की दार केवळ चिपचा क्रमांक पाहून उघडते, की सोबत पिनही मागते. फक्त क्रमांकावर उघडणारे दार गुप्त कागदपत्रांच्या खोलीचे असू नये.

खासगीपणाचा धोका चिपपेक्षा रीडरच्या मागे साठणाऱ्या नोंदींत अधिक आहे. कोण कधी आत आले, कोणत्या यंत्रापाशी थांबले, हे साध्या कार्डानेही नोंदले जाते. परंतु कार्ड घरी ठेवून बाहेर पडता येते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याने 2006 मध्येच सक्तीने चिप बसवण्यास कायद्याने मनाई केली. त्याच राज्यातील रिव्हर फॉल्स येथे 2017 मध्ये ‘थ्री स्क्वेअर मार्केट’ कंपनीच्या सुमारे पन्नास कर्मचाऱ्यांनी स्वेच्छेने चिप बसवून घेतली. पगार देणाऱ्याने सुचवलेल्या गोष्टीला दिलेली संमती कितपत मोकळी असते, याविषयी मी साशंक आहे.

प्रश्न : नोकरी सोडल्यावर चिप काढून टाकली, तर माहितीही पुसली जाते का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नाही. चिप लहानशा छेदातून काढता येते. मात्र ती शरीरात जागा बदलू शकते आणि एमआरआय तपासणीत अडचण येऊ शकते, असे धोके अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2004 मध्येच नमूद केले होते. प्रवेशाच्या नोंदी कार्यालयाच्या संगणकात असल्यामुळे त्या स्वतंत्रपणे पुसून घ्याव्या लागतात. युरोपीय संघात 25 मे 2018 पासून लागू असलेल्या माहिती-संरक्षण नियमांनुसार तशी मागणी करता येते, परंतु कायद्याने जपून ठेवणे बंधनकारक असलेल्या नोंदींना ती लागू होत नाही. मागणी लेखी करावी आणि चिपचा क्रमांक प्रवेशयादीतून वगळल्याचे उत्तरही लेखीच घ्यावे.