महिला सेवा वाढवायची तर आधी बायकांची वेळ शोधा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुमची ॲडव्हेंटिस्ट मंडळी (चर्च) साधारण ऐंशी सभासदांची, नामांकन समितीने यंदा महिला सेवा, म्हणजे मंडळीतल्या स्त्रियांसाठीचं काम, तुमच्याकडे सोपवली. दर शब्बाथी, म्हणजे शनिवारच्या उपासनेला, व्यासपीठावरून घोषणा होते, व्हॉट्सॲपवर पोस्टर जातं, तरी शुक्रवारी पाचच्या सभेला त्याच सहा-सात जणी. प्रसार कसा करायचा?

घोषणा भरपूर झाल्यात. चुकतोय तो वार.

आपला विसाव्याचा शब्बाथ शुक्रवारच्या सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणून शुक्रवार म्हणजे आपल्याकडे तयारीचा दिवस. डिसेंबरात पुण्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे पाच वाजता घरातली बाई उद्याच्या भाजीला फोडणी घालत असते, गणवेश भिजवलेले असतात, इस्त्री बाकी असते, धाकट्याची आंघोळ व्हायची असते. नोकरी करणारी तर अजून बसमध्ये उभी असते. जूनमध्ये सूर्यास्त सातनंतर असल्याने थोडी फट मिळते, पण तेवढ्यावर वर्षाचा कार्यक्रम बसत नाही. शुक्रवार सोडूनच द्या.

शब्बाथ दुपार सोयीची वाटते, पण प्रीतिभोजनानंतर मोरीपाशी कोण असतं ते पाहा. डाळीचं तळाला लागलेलं पातेलं, पन्नास ताटं, चार बायका ओचे खोचून उभ्या. आणि आत खुर्च्यांवर पुरुष मंडळी पुढच्या आठवड्याचं ठरवत बसलेली. त्या चौघी सभेला कशा येणार? महिन्यातला एक शब्बाथ मुख्य डिकनशी (मंडळीची व्यवस्था पाहणाऱ्या सेवकाशी) बोलून ठरवून घ्या की त्या दिवशी भांडी पुरुष आणि तरुण मुलं घासतील. हे दोन आठवडे आधी ठरवा, ऐन वेळी सांगितलं तर कुणी हलत नाही. लहान मुलांकडे त्या वेळात दोन प्रौढांनी मिळून पाहायचं, दार उघडं ठेवून; एकट्या माणसावर मुलं सोडायची नाहीत.

आठवड्याचं काम मात्र घरोघरीच्या छोट्या गटांतच होतं. एका गल्लीतल्या सहा ते आठ जणी, पन्नास मिनिटं, चहा असला तरी खाणं नको. खाणं ठेवलं की जिच्या घरी सभा ती बिचारी दिवसभर स्वयंपाकघरात, आणि पुढच्या महिन्यात कुणी घर द्यायला तयार होत नाही. गीत आणि प्रार्थना दहा मिनिटं, वचन पंधरा, बोलणं वीस, शेवटची पाच मिनिटं आजारी कोण, कुणाकडे कोण जाणार यासाठी. बोलण्याची वीस मिनिटं कापून अभ्यास लांबवण्याचा मोह फार होतो. तेवढं करू नका.

आता यादी. मंडळीच्या सभासद-पुस्तकातून पंधरा वर्षांवरच्या सगळ्या मुली-बायकांची नावं वहीत उतरवा, दोन वर्षांपासून न दिसलेल्याही. प्रत्येकीपुढे चार गोष्टी: घर कुठल्या भागात, कामाच्या वेळा आणि सुट्टी, घरात लहान मूल किंवा अंथरुणावरचं माणूस आहे का, नवरा मंडळीत येतो का. चौथा रकाना महत्त्वाचा. नवरा सभासद नसलेल्या बाईला शनिवारी बाहेर पडणं हीच मुळात लढाई असते. तिला आणखी एका सभेचं बोलावणं हे ओझं वाटतं. तिच्याकडे तुम्हीच जायचं, तिच्या वेळेला. फॉर्म वाटून सर्वेक्षण करू नका. फॉर्मवर सगळ्या ‘प्रार्थना हवी’ एवढंच लिहितात. दर आठवड्याला दोन घरं, जोडीने, अर्धा तास; तीन महिन्यांत चोवीस-पंचवीस घरं होतात.

जागतिक पातळीवर महिला सेवेने स्त्रियांपुढचे सहा प्रश्न धरले आहेत: आरोग्य, अत्याचार, गरिबी, निरक्षरता, कामाचा भार, आणि प्रशिक्षणाचा अभाव. सहाही एका वर्षात घ्यायला गेलात तर हाती भाषणंच उरतील. वहीतून जो प्रश्न सगळ्यात वर येईल तो एकच वर्षभरासाठी घ्या. आरोग्य निघालं तर हिमोग्लोबिन तपासणी हा चांगला प्रारंभ: गरोदर नसलेल्या बाईचं १२ ग्रॅमच्या खाली असेल तर रक्तक्षय. पण तपासून चिठ्ठी हातात दिली की काम झालं असं समजू नका. कमी निघालेल्यांना दवाखान्यात कोण नेणार हे ठरल्याशिवाय शिबिर भरवूच नये.

मग बोर्ड. निवडून आलेली महिला सेवा प्रमुख मंडळीच्या बोर्डाची सभासद असते, तुम्ही तिथे बोलावल्या पाहुण्या नाही. वर्षाच्या पहिल्या बैठकीला एक पान घेऊन जा: तारखा, प्रत्येक तारखेपुढे जबाबदार व्यक्तीचं नाव, खर्च. तीन तारखा ठरलेल्याच आहेत: मार्चचा पहिला शब्बाथ प्रार्थना दिनाचा, जूनचा दुसरा महिला सेवा दिनाचा, ऑगस्टचा चौथा अत्याचार प्रतिबंधाचा. गावाकडच्या मंडळीत जूनचा दुसरा आठवडा म्हणजे पेरणी नाहीतर पावसाची वाट, शिवाय शाळा सुरू व्हायची गडबड; तेव्हा पाळकांना विचारून तो दिवस पुढे ढकलावा, काही बिघडत नाही.

या दिवसांचं साहित्य वरून येतं, बहुतेक वेळा इंग्रजीतून. ते आदल्या आठवड्यात भाषांतराला घेतलं की कुणीतरी रात्री जागून शब्दाला शब्द लावतं आणि शब्बाथी पाऊण तास ते वाचलं जातं. मागच्या बाकावर आज्या पेंगतात. दोन महिने आधी मागवा, संदेश वीस मिनिटांपर्यंत छाटा, परदेशी घरांतली उदाहरणं काढून आपल्याकडची घाला. शास्त्रवचनं भाषांतरित करू नका, मराठी पवित्र शास्त्रातून जशीच्या तशी उतरवा.

पैशाचं एकच सांगते: सगळं खजिनदारामार्फत, पावतीसह. तुमच्या स्वतःच्या खात्यात किंवा डब्यात महिला सेवेचा रुपयाही नको, कितीही सोयीचं वाटलं तरी. आणि शब्बाथी वर्गणी गोळा करणं, भक्तिपुस्तकं विकणं, सहलीचे पैसे घेणं टाळा. नाव नोंदवा शनिवारी, पैसे घ्या रविवारी. यावरून उगाच वाद पेटतात, आणि पेटले की काम मागे राहतं. बायकांचा बचत गट करायचा असेल तर तो मंडळीच्या हिशेबापासून पूर्ण वेगळा, दहा ते वीस जणींचा, स्वतःच्या बँक खात्याचा; थकलेल्या हप्त्याचं भांडण उपासनेत आलं तर दोन्ही बुडतात.

ऑगस्टच्या शब्बाथाबद्दल जरा जास्त लिहिते, कारण चूक झाली तर इथे कुणाचं तरी आयुष्य पणाला असतं. ‘एंड इट नाऊ’ ही ॲडव्हेंटिस्ट मंडळीची अत्याचारविरोधी मोहीम २००९ पासून चालू आहे. तिचा फलक लावणं सोपं. पण त्या दिवशी संदेश ऐकून एखादी बाई उठून येईल आणि म्हणेल, ‘माझ्याही घरी हेच चालतं.’ त्या क्षणाची तयारी आधी हवी. पाळकांशी आणि एल्डरांशी (मंडळीच्या निवडलेल्या पुढाऱ्यांशी) अगोदर बसून बोला: ‘सहन कर, प्रार्थना कर, तो बदलेल’ हे वाक्य त्या दिवशी कुणी उच्चारायचं नाही. नवरा-बायकोला समोरासमोर बसवून समेट घडवू नका. तिथे ती खरं बोलत नाही, आणि बोलली तर त्याचा हिशेब रात्री घरी चुकता होतो. तिचं नाव ‘प्रार्थनेची विनंती’ म्हणून गटात टाकू नका, ती चहाडीच ठरते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतो, त्याचा जिल्ह्यातला पत्ता आधी काढून ठेवा. महिला हेल्पलाइन १८१, तातडीला ११२. बळी अठरा वर्षांखालचं मूल असेल आणि अत्याचार लैंगिक असेल, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, मंडळीत मिटवता येत नाही. मुलांची हेल्पलाइन १०९८. हे आकडे छोट्या चिठ्ठीवर लिहून महिलांच्या स्वच्छतागृहात दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. तिथे ती एकटी असते.

यातूनच व्हॉट्सॲपचा मुद्दा. बऱ्याच बायकांचा फोन घरचा सगळ्यांचा असतो, मेसेज आधी नवरा किंवा मुलगा वाचतो. गटावर फक्त वेळ, जागा आणि वचन. बाकी सगळं भेटून.

‘बायकांची वेगळी मंडळी कशाला?’ असं तुमचे एक एल्डर म्हणतात, हेही तुम्ही लिहिलंय. त्यांना स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा द्यावी का या वादात ओढू नका. २०१५ ला अमेरिकेत सॅन अँटोनिओत, मंडळीच्या जागतिक अधिवेशनात, त्यावर मतदान होऊन गेलं, आणि महिला सेवेचा त्याच्याशी संबंध नाही. त्यांना एवढंच आठवण करून द्या की १८९५ मध्ये कलकत्त्याला उतरलेल्या ॲडव्हेंटिस्ट मिशनरी जॉर्जिया बरस यांनी बंगाली शिकून जनानखान्यात जाऊन काम केलं, जिथे पुरुष मिशनऱ्याला दारातही उभं करत नसत. मग त्यांनाच एखादं काम द्या. भांडी घासायच्या शब्बाथाची यादी त्यांच्याकडे सोपवली तर उत्तम.

शेवटी वहीबद्दल. १८९८ मध्ये एस. एम. आय. हेन्री यांनी ॲडव्हेंटिस्ट स्त्रियांसाठी हे काम सुरू केलं. १९०० मध्ये त्या वारल्या आणि काम विरत गेलं. जनरल कॉन्फरन्समध्ये, म्हणजे मंडळीच्या जागतिक मुख्यालयात, महिला सेवेचं कार्यालय उभं राहायला १९९० उजाडलं, पूर्ण विभागाचा दर्जा १९९५ ला. मंडळीतही हेच होतं, फक्त लहान प्रमाणात: प्रमुख बदलली की तिच्या डोक्यातलं सगळं तिच्याबरोबर जातं. म्हणून पहिल्या महिन्यापासून एक सहायक सोबत घ्या, शक्यतो पस्तिशीच्या आतली. यादी, खर्च, कुठली वेळ जमली नि कुठली फसली हे तिच्याच हाताने लिहून घ्या. कुणी खासगीत सांगितलेलं मात्र त्या वहीत उतरवायचं नाही.